क्लाउनफिशची पिल्लं तिसऱ्या दिवशी का जातात

नाशिकहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: दीडशे लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये ऑसेलॅरिस जातीच्या क्लाउनफिशची (केशरी अंग, पांढरे पट्टे) जोडी आहे. गेल्या चार महिन्यांत सहा वेळा अंडी घातली. अंडी व्यवस्थित फुटतात, पिल्लं वेगळ्या टँकमध्ये काढली जातात, त्यांना उकडलेल्या अंड्याचा बलक आणि वस्त्रगाळ केलेलं माशांचं खाद्य दिलं जातं. तिसऱ्या दिवशी सकाळी तळाला पांढरट साका असतो आणि एकही पिल्लू हलताना दिसत नाही. पाणी दोनदा तपासून घेतलं, दोष सापडला नाही. मग चुकतंय काय?

तुमची जोडी उत्तम आहे आणि तिच्या टँकचं पाणीही बिघडलेलं नाही. पिल्लं उपासमारीनं जातायत. हे वाचून वाईट वाटेल, कारण तुम्ही दिवसातून चार-पाच वेळा खायला घालत होतात. पण त्यांच्या लेखी ते खाणं नव्हतंच.

गप्पी किंवा गोल्डफिशवर हात बसलेल्या माणसाची इथे हमखास फसगत होते. गप्पीचं पिल्लू जन्मतःच छोटा मासा असतो, समोर येईल ते टिपतो. क्लाउनफिशचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा जेमतेम तीन ते चार मिलिमीटरचं असतं. पोटाशी बलकाची पिशवी अगदी नावापुरती उरलेली असते. तोंड एवढंसं, आणि हलणाऱ्या गोष्टीशिवाय त्याला दुसरं काही दिसत नाही. भिंगातून पाहिलंत तर कळेल: समोर भक्ष्य आलं की ते अंग बाकदार करतं, क्षणभर थांबतं आणि पुढे झेप घेतं. बलकाचा कण आपणहून हलत नाही, तेव्हा झेपही पडत नाही. तो कण तळाला जाऊन कुजतो आणि अमोनिया वाढवतो. दोन दिवस आतल्या शिदोरीवर निघतात, तिसऱ्या दिवशी सगळं संपतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी योग्य खाणं मिळालं तरी बऱ्याच पिल्लांच्या अंगात ते टिपण्याची ताकद उरलेली नसते.

त्यांना हवा असतो जिवंत रोटिफर, म्हणजे पाण्यात पोहणारा एक सूक्ष्म जीव. क्लाउनफिशची पैदास म्हणजे ऐंशी टक्के रोटिफरची शेती, असं मी चौदा वर्षं हेच करत आल्यावर म्हणते. मासे अंडी आपली आपण घालतात. आपलं काम अंडी पडण्याच्या तीन आठवडे आधी सुरू होतं. म्हणून माझी पहिली विनंती अशी की येणाऱ्या दोन खेपा तुम्ही सोडून द्या. पिल्लं काढू नका. जीव तुटतो, ठाऊक आहे. पण ती वाचणार नाहीत हे माहीत असताना पुन्हा तेच करण्यात अर्थ नाही. तो महिना रोटिफरला द्या.

रोटिफर हा डोळ्यांना जेमतेम दिसणारा जीव आहे. आपल्याला लागतो तो खाऱ्या पाण्यातला ब्रॅकिओनस, दोनशे-अडीचशे मायक्रॉनच्या आसपासचा (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर). काचेच्या ग्लासात पाणी घेऊन मागून टॉर्च धरला तर पांढरे ठिपके गडगडत फिरताना दिसतात. धूळ तरंगते आणि रोटिफर पोहतो, हा फरक एकदा डोळ्यांत बसला की मग चूक होत नाही. बहुतेक माद्याच असतात, नराशिवाय वाढतात, आणि पाणी उबदार व खाणं भरपूर असेल तर त्यांची संख्या दिवस-दोन दिवसांत दुप्पट होते. हाच वेग आपल्या कामी येतो आणि हाच वेग घातही करतो, कारण वाढतो त्याच वेगानं तो कोसळतो.

माझ्याकडे वीस लिटरचे पाण्याचे जार आहेत, वरून कापलेले. प्रत्येकात दहा-बारा लिटर खारं पाणी, घनता १.०१८ ते १.०२०. एअर पंपाची नळी थेट सोडायची, एअर स्टोन लावायचा नाही. स्टोनच्या बारीक बुडबुड्यांनी फेस धरतो आणि रोटिफर त्यात अडकून वर चिकटतात. मोठे, सावकाश बुडबुडे पुरतात. खायला नॅनोक्लोरोप्सिस हे सूक्ष्म शैवाल. पाण्याला हिरवट छटा कायम राहिली पाहिजे. सकाळी हिरवं घातलं आणि संध्याकाळी पाणी नितळ झालं, तर समजा जार उपाशी आहे, लगेच घाला. बेकरीचं यीस्ट घालूनही रोटिफर जगतात आणि स्वस्तात पडतं, म्हणून पुष्कळ जण तेच सांगतात. मी त्याच्या विरोधात आहे. यीस्टवर वाढलेल्या रोटिफरमध्ये पिल्लाला लागणारी तेलं, म्हणजे डीएचए-ईपीए, नसल्यासारखीच असतात. अशी पिल्लं आठ-दहा दिवस जगतात आणि मग एके दिवशी खोलीतला दिवा अचानक लावला की थरथरून उलटी होतात. कारण कळत नाही, माणूस पाणी बदलत बसतो. खरं कारण आठवडाभर आधीच्या जेवणात असतं. यीस्ट वापरावंच लागलं तर निदान पिल्लांना देण्याआधी काही तास रोटिफरना हिरव्या पाण्यात चरू द्या.

शैवाल विकतचं दाट मिळतं, फ्रिजमध्ये ठेवता येतं, आणि सुरुवातीला तेच घ्या. पुढे घरी वाढवायचं ठरवलंत तर दोन लिटरच्या शीतपेयाच्या बाटल्या, ट्यूबलाइट, हवेची नळी आणि एफ-टू नावाचं खत एवढ्यावर होतं. आठवड्याला एका बाटलीच्या दोन करायच्या. मात्र एक पथ्य कसोशीनं पाळा: रोटिफरच्या जारमध्ये गेलेली नळी, कप, हात, काहीही शैवालाच्या बाटलीकडे जाता कामा नये. एक थेंब पुरतो. चार दिवसांत तुमचं शैवाल रोटिफरनी फस्त केलेलं असतं. माझं शैवाल बेडरूमच्या खिडकीत असतं आणि रोटिफर मोरीजवळ. सकाळी आधी शैवाल, मग रोटिफर. हा क्रम मी कधी मोडत नाही.

आता गणित पाहा, कारण बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. पिल्लांच्या टँकमध्ये दर मिलिलिटरला दहा रोटिफर हवेत. टँकमध्ये वीस लिटर पाणी असेल तर ते झाले दोन लाख. तुमच्या जारमध्ये दर मिलिलिटरला शंभर असतील आणि जार दहा लिटरचा असेल, तर एकूण दहा लाख. रोज पाचवा हिस्सा, म्हणजे दोन लिटर, काढलं की दोन लाख मिळतात आणि उरलेले वाढून दुसऱ्या दिवशी खड्डा भरून काढतात. म्हणजे एक चांगला जार एका टँकला जेमतेम पुरतो, आणि तो बसला की सगळं बसतं. म्हणून जार कमीत कमी दोन, शक्यतो तीन ठेवा. मोजायला सोपं आहे: जारमधलं पाणी नऊ पट खाऱ्या पाण्यात मिसळायचं, त्यातलं एक मिलिलिटर सिरिंजमध्ये घ्यायचं, व्हिनेगरचा थेंब टाकायचा म्हणजे ते स्थिर होतात, आणि भिंगाखाली मोजायचे. दहा दिसले तर जारमध्ये शंभर.

तीन जारांचा आग्रह मी धरते त्याला कारण आहे. दुसऱ्या वर्षी माझ्याकडे एकच जार होता. गणपतीला पाच दिवस गावी गेले, शेजारच्या मुलीला सकाळ-संध्याकाळ शैवाल घालायला सांगून. तिनं ते नेमानं घातलं, पण तळाचा गाळ काढायचं मी सांगितलंच नव्हतं. परत आले तेव्हा जारवर करडा फेस होता आणि आंबूस वास सुटला होता. थेंब भिंगाखाली धरला तर एकही पांढरा ठिपका फिरत नव्हता. त्याच रात्री अंडी फुटली, साडेतीनशेच्या आसपास पिल्लं. तीन दिवस मी त्या टँकपुढे बसून होते. तेव्हापासून तीन जार, शिवाय चाळलेल्या रोटिफरची एक बाटली हिरव्या पाण्यासकट फ्रिजमध्ये. थंडीत ते मंद होतात पण आठवडाभर टिकतात. बाटली रोज एकदा हलवून ठेवायची.

चाळायला पन्नास मायक्रॉनच्या आसपासची जाळी लागते. मत्स्यबीजाच्या दुकानांतून मागवता येते, पण स्क्रीन प्रिंटिंगचं सामान विकणाऱ्यांकडे जी बारीक पॉलिस्टर जाळी मिळते तीही चालते. छिद्राचं माप विचारून घ्या. प्लास्टिकच्या पाइपच्या तुकड्याला ती चिकटवली की चाळण तयार. रोटिफर चाळणीत घेऊन टँकच्या पाण्यानं धुवा आणि मगच सोडा. जारचं घाण पाणी पिल्लांच्या टँकमध्ये ओतायचं नाही.

जोडीबद्दल फार सांगायची गरज नाही, तुमची लागलेली आहे. पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी एवढं सांगते की क्लाउनफिश जन्माला येतात ते नर वा मादी म्हणून नाही. गटातला सर्वांत मोठा मासा मादी होतो, त्याच्या खालचा नर, बाकीचे तसेच राहतात. मादी मेली की नर मादी होतो. म्हणून दोन लहान मासे एकत्र घ्या, एक जरा मोठा एक जरा छोटा, आणि वर्ष-दीड वर्ष वाट बघा. दोन मोठ्या माद्या एका टँकमध्ये टाकल्या तर एक मरेपर्यंत भांडण थांबत नाही, आणि मादीचा पुन्हा नर होत नाही. अ‍ॅनिमोन (समुद्रफूल, ज्याच्या डंखणाऱ्या भुजांत क्लाउनफिश राहतात) लागतो का, असंही विचारतात. समुद्रात त्याच्याशिवाय त्यांचं चालत नाही, कारण तिथे शत्रू असतात. घरच्या टँकमध्ये शत्रू नाही. उलटी ठेवलेली मातीची कुंडी हेच त्यांचं घर होतं. माझ्या सगळ्या जोड्या मंगलोरी कौलाच्या तुकड्यावर अंडी घालतात. कौल खरखरीत असतं, अंडी घट्ट धरून राहतात आणि उचलायला सोपं जातं. वापरण्याआधी आठवडाभर साध्या पाण्यात भिजवून ठेवा, पाणी बदलत राहा.

नाशिकला जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा हीटर नीट चालतोय ना हे रोज बघा. पाणी २७ ते २८ अंशांवर स्थिर राहिलं तर जोडी दर दोन-अडीच आठवड्यांनी अंडी घालते. उन्हाळ्यात उलटं होतं. पाणी ३१ च्या वर गेलं की माझ्या जोड्या थांबतात. पृष्ठभागावर पंखा सोडला तर दोन-तीन अंश उतरतात, पण पाणी भराभर उडतं. ते भरून काढताना फक्त आरओचं साधं पाणी घालायचं, खारं नाही. मीठ उडून जात नाही, ते टँकमध्येच असतं. इथे चुकलं की आठवड्याभरात घनता कुठल्या कुठे जाते.

आईबापांच्या खाण्यात मात्र हात आखडू नका. अंड्यातला बलक मादीच्या जेवणातून येतो, आणि पिल्लाचे पहिले दोन दिवस त्या बलकावर निघतात. मी बाजारातून करंदी, तिसऱ्या, थोडं माकूल आणि हंगामात गाबोळी आणते. साध्या पाण्यात दोनदा धुऊन, बारीक चिरून, पातळ थरात गोठवून ठेवते. दिवसातून तीन वेळा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. गाबोळीवर असलेल्या माद्यांची अंडी केशरी रंगाला गडद असतात आणि पिल्लंही चपळ निघतात, हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे.

अंडी पडायच्या आधी दोघं कौल तोंडानं घासून साफ करतात, मादीचं पोट फुगतं आणि खाली छोटी नळी दिसू लागते. माझ्याकडे अंडी बहुधा दुपारी पडतात. त्या दिवशी टँकमध्ये हात घालू नका. कडकडून चावतात. पहिल्या दिवशी अंडी केशरी असतात, तिसऱ्या दिवशी काळपट होतात, पाचव्या दिवशी डोळ्यांचे ठिपके दिसतात, आणि शेवटच्या दिवशी ते डोळे चंदेरी चकाकतात. राखण करतो तो नर. परांनी वारा घालतो, एकेक अंडं तोंडात घेतल्यासारखं करून साफ करतो, पांढरं पडलेलं खाऊन टाकतो. नव्या जोडीनं पहिल्या दोन-तीन खेपा खाल्ल्या तरी घाबरू नका. ती शिकतायत. २८ अंशांना सातव्या किंवा आठव्या रात्री अंडी फुटतात, पाणी गार असेल तर नवव्या-दहाव्या.

ती रात्र कशी असते ते सांगते, कारण इथे घाई नडते. शेवटच्या संध्याकाळी, डोळे चंदेरी दिसले की, दिवा बंद व्हायच्या तासभर आधी मी कौल उचलते. पाण्याच्या आतच एका डब्यात घ्यायचं, अंडी हवेत येऊ द्यायची नाहीत. पिल्लांच्या टँकमध्ये ते जसं मूळ जागी होतं त्याच कलात उभं करायचं आणि खाली हवेची नळी अशी लावायची की बुडबुड्यांच्या प्रवाहानं अंडी हलतील, पण बुडबुडे थेट आदळणार नाहीत. बापाचा वारा आता आपण घालतोय. मूळ टँकमध्ये त्याच जागी लगेच दुसरं कौल ठेवा. नाहीतर नर रात्रभर त्या रिकाम्या जागेभोवती घिरट्या घालत राहतो, ते बघवत नाही. मग पूर्ण अंधार. दारावर पडदा, मोबाइलचा उजेडसुद्धा नको. पाऊण तासानं लाल कापड गुंडाळलेला टॉर्च लांबून एकदाच मारायचा. कौलावर चंदेरी ठिपक्यांच्या जागी रिकामी, काचेसारखी कवचं दिसतात आणि पाण्यात तांदळाच्या कणीपेक्षा बारीक जीव: दोन डोळे आणि मागे शेपटीची रेघ, बाकी शरीर आरपार. चौदा वर्षं झाली, तरी त्या क्षणी माझा श्वास अडतो.

कौल हलवायला जमत नसेल तर पिल्लं मूळ टँकमध्येच फुटू द्या. आधी फिल्टर आणि पंप बंद करा. अंधारात एका कोपऱ्यात टॉर्च धरला की ती उजेडाकडे गोळा होतात, तिथून मगानं पाण्यासकट उचला. जाळी मुळीच लावू नका. जाळीत आलेलं पिल्लू पाण्यात सोडलं तरी वाचत नाही.

पिल्लांचा टँक वीस-तीस लिटरचा, पाणी आईबापांच्या टँकमधलंच, अर्ध्यापर्यंत भरलेलं. तीन बाजूंना बाहेरून काळा कागद. हा कागद वगळायचा नाही. चकाकत्या काचेकडे पिल्लं धावतात आणि तिथेच डोकं आपटत राहतात, खाणं विसरतात. फिल्टर नाही, फक्त सेकंदाला एखादा बुडबुडा सोडणारी नळी आणि छोटा हीटर. पाण्यात शैवाल घालून फिकट हिरवा रंग आणा, टँकच्या तळाशी ठेवलेलं बोट वरून अंधुक दिसेल इतपत. त्या हिरव्या पाण्यानं उजेड मवाळ होतो, आत सोडलेले रोटिफर उपाशी राहत नाहीत आणि थोडा अमोनियाही शोषला जातो. रोटिफर त्याच रात्री सोडून ठेवा, म्हणजे पहाटे मंद दिवा लागला की डोळ्यांपुढे खाणं हजर असतं. दुसऱ्या दिवशी दुपारी पिल्लाच्या मागून उजेड धरा. पोट भरलेलं असेल तर मधोमध गडद फुगवटा दिसतो. तो दिसला की तुमची तिसऱ्या दिवसाची भीती संपली असं समजा.

रोज दोन वेळा एक मिलिलिटर पाणी काढून रोटिफर मोजायचे, दहाच्या खाली आले की भर घालायची. तळाचा साका हवेच्या बारीक नळीनं हलकेच ओढून घ्यायचा आणि ते पाणी पांढऱ्या भांड्यात काढायचं, म्हणजे चुकून आलेली पिल्लं दिसतात. तिसऱ्या दिवसापासून रोज दहावा हिस्सा पाणी थेंबाथेंबानं बदलायचं. अमोनियाचं किट जवळ हवं. तुमच्या बाबतीत दोनदा पाणी तपासलं ते मोठ्या टँकचं असावं असं वाटतं. पिल्लांच्या टँकचं तिसऱ्या दिवशीचं पाणी तपासलं असतंत, तर बलकाचा हिशोब तिथेच लागला असता.

आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) कधी द्यायचा यावर मतभेद आहेत. काही जण तिसऱ्या दिवशीच सुरू करतात. माझं मत ठाम आहे: पाचव्या दिवसाआधी नको, आणि सुरुवातीला चिमूटभरच. नुकता फुटलेला आर्टेमिया चारशे मायक्रॉनच्या पुढे असतो. मोठी पिल्लं तो गिळतात, पण पचवता येत नाही आणि सकाळी पोट लाल-केशरी दिसणारी मेलेली पिल्लं मिळतात. नवव्या दिवसापर्यंत रोटिफर चालू ठेवा, दोन्ही बरोबर द्या. आर्टेमियाची अंडी खाऱ्या पाण्यात, जोरात हवा सोडून, २८ अंशांना चोवीस तासांत फुटतात. हवा बंद करून तळाशी टॉर्च लावला की जिवंत पिल्लं उजेडाकडे उतरतात आणि रिकामी टरफलं वर तरंगतात. खालचं तेवढं काढून घ्या. टरफल पिल्लाच्या आतड्यात अडकतं.

आठव्या ते बाराव्या दिवसादरम्यान जो बदल होतो तो बघायला मुलांना बोलवा. तोपर्यंत पाण्याच्या मधल्या थरात बाणासारखी सरळ पोहणारी पिल्लं एके दिवशी काचेच्या कडेला, तळाशी येऊन डुलत पोहायला लागतात, अगदी आईसारखी. अंग केशरी होतं, डोक्यामागे पहिला पांढरा पट्टा उमटतो, मग मधला. शेपटीजवळचा सर्वांत शेवटी. या दिवसांत काही पिल्लं जातात, तुमच्या हातून काही चुकलं नाही तरीही. ज्यांचं पहिल्या आठवड्याचं पोषण कमी पडलं त्यांना हा बदल झेपत नाही. पट्टे अर्धवट राहतात त्याचंही एक कारण तिथेच असतं. बदल पूर्ण झाला की ती खरोखरच छोटे मासे झालेली असतात. बारीक पूड केलेलं खाद्य आता घेतात, आणि दुसऱ्या टँकमध्ये आधीपासून मुरवलेला, म्हणजे उपयोगी जिवाणू बसलेला, स्पंज फिल्टर तुम्ही आणून लावू शकता.

पहिल्या यशस्वी खेपेत माझी एकोणीस पिल्लं वाचली होती, अडीचशेतली. आज निम्म्याच्या वर वाचतात. तुमची पहिल्या वेळी दहा वाचली तरी मला फार आनंद होईल, कारण दहा वाचली म्हणजे रीत बरोबर आहे, पुढे फक्त संख्या वाढवायची.

विजेची सोय आधी करा. हवा बंद पडली तर फिल्टर नसलेला पिल्लांचा टँक धोक्यात येतो, आणि त्याच्याही आधी, दोन-तीन तासांत, रोटिफरचा जार बसतो. वीज गेली की आपोआप चालू होणारा बॅटरीचा एअर पंप मिळतो, एक टँकला आणि एक जारांना घेऊन ठेवा. पावसाळ्यात आमच्याकडे रात्र रात्र वीज नसते तेव्हा त्यानंच तारलं आहे.

हा उद्योग नवा नाही. १९७० च्या दशकात फ्लोरिडात मार्टिन मो यांनी क्लाउनफिशची पैदास व्यापारी पातळीवर नेली. आपल्याकडे तमिळनाडूत मंडपमला केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेनं क्लाउनफिशच्या अनेक जातींचं बीजोत्पादन बसवलं, आपल्या समुद्रातली सेबी क्लाउन ही जातही त्यात आहे. नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही क्लाउनफिशची हॅचरी उभी राहिली आहे. नाशिकहून ती लांब नाही. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. शैवालाचं किंवा रोटिफरचं पहिलं बियाणं कुठून घ्यावं हे अशा ठिकाणी विचारा. ओळख नसलेल्या माणसानं दिलेल्या बाटलीत रोटिफर कमी आणि त्याचं खाणं पळवणारे दुसरे जीवच जास्त, असं मला दोनदा मिळालं आहे. दुकानात कुणी पिल्लांच्या टँकसाठी प्रवाळ घ्या म्हणालं तर घेऊ नका. प्रवाळ आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, आणि पैदाशीला त्यांचा काही उपयोगही नाही.

घरी वाढलेल्या माशाची किंमत मला पैशांत मोजावीशी वाटत नाही. समुद्रातून पकडलेला क्लाउनफिश अनेकदा ब्रूकलिनेला नावाचा रोग घेऊन येतो, अंगावर बुळबुळीत पांढरा थर चढतो आणि दुकानातून आणल्यावर आठवड्यात मरतो. त्याच्या जागी दुसरा पकडला जातो. तुमच्या टँकमधलं एक पिल्लू कुणाच्या घरी वर्षानुवर्षं जगलं, तर तेवढे मासे खडकावर राहतात. नीट सांभाळला तर हा मासा वीस वर्षं जगतो.

तीन-साडेतीन महिन्यांनी पिल्लं इंचभर होतात, तेव्हा द्यायला हरकत नाही. त्याआधी देऊ नका, प्रवासात टिकत नाहीत. कल्ल्यावरचं झाकण अर्धवट असलेली किंवा पाठ वाकडी असलेली विकू नका, घरीच सांभाळा. उरलेली समुद्रात सोडायचा विचार कुणी सुचवला तर नाही म्हणा, कोकणच्या किनाऱ्यावर ऑसेलॅरिसचं घर नाही. आणि स्वतःसाठी पुढची जोडी लावाल तेव्हा एकाच खेपेतली दोन भावंडं ठेवू नका. दुसऱ्या कुणाकडचं एक पिल्लू बदल्यात घ्या. मोठा कोण आणि छोटा कोण एवढंच बघा, बाकी ते ठरवतील.